बारदान्याचा एक किलो

गुंजनला वर फेकायला तिघी लागतात. तिला राज्याच्या टीममध्ये पाठवायचं की नाही, हे ठरवायला मात्र एप्रिलच्या शेवटच्या रविवारी अर्धा तिरोडा जमला होता.

अर्धा तिरोडा जरा जास्तच झालं. पंचवीसेक माणसं होती, दोन कुलर, पोह्यांचं एक पातेलं आणि माझा दहा महिन्यांचा हिमांशू. पण आवाजावरून विचाराल तर अर्धा तिरोडाच.

चीअरलीडिंग म्हटलं की लोकांना क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला नाचणाऱ्या मुली आठवतात. लग्न होऊन मी इथे आले आणि मी हेच शिकवते असं कळलं, तेव्हा माझ्या सासूबाई, निर्मलाबाई, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना आमच्या कॉलेजच्या टीमचा व्हिडिओ दाखवला. त्यात मी खाली उभी, माझ्या खांद्यावर एक, तिच्या हातांवर आणखी एक, आणि ती वरची हवेत गिरकी घेऊन खाली आमच्या हातांत. सासूबाईंनी तो तीनदा पाहिला. मग म्हणाल्या, "हे तं दहीहंडी होय व. आधी काऊन नाही सांगितलं?" आणि कणीक मळायला गेल्या.

तेव्हापासून घरात शांतता आहे. गावात मला 'पोट्ट्या फेकनारी मॅडम' म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

आमचं मैदान म्हणजे मुन्नालाल शेठजींच्या राईस मिलचं मागचं शेड, बोदलकसाच्या रस्त्याला लागून. खरिपाचा धान भरडून झाला की ते रिकामं होतं, ते मे अर्ध्यावर उन्हाळी धान येईपर्यंत. गाद्या म्हणून आम्ही बारदान्याच्या पोत्यांत धानाचं तणस भरून, तोंडं शिवून, शेजारी शेजारी अंथरली आहेत. पडलं तरी लागत नाही. फक्त दोन दिवस केसांतून काड्या निघत राहतात. शेठजी जागेचं काही घेत नाहीत, कारण त्यांची नात रिंकू आमच्यात आहे. ती बारा वर्षांची, सगळ्यात लहान, अजून कोलांट्यांपर्यंतच आलेली.

वर जाणारीला फ्लायर म्हणतात आणि उचलणाऱ्यांना बेस, पण आमच्याकडे 'वरची' आणि 'खालची' एवढ्यावर भागतं. बारा पोरी आहेत. वरची एकच, गुंजन. चोरखमाऱ्याकडून बसनं येते, सोळा वर्षांची. खाली नीतू आणि टीना. मागे मान-पाठ सांभाळायला मी.

शेडच्या भिंतीत खूप उंचावर एक झरोका आहे. खालून त्यातून नुसता आभाळाचा तुकडा दिसतो. गुंजन वर गेली की तिचे डोळे बरोबर त्या झरोक्यासमोर येतात, एक-दोन म्हणेपर्यंतच. पण तेवढ्यात ती बाहेरचं सगळं पाहून घेते आणि खाली येता येता बातमी देते.

"नागझिऱ्याच्या दोन जिप्स्या गेल्या!"

"कुल्फीवाला पंक्चर होऊन बसला!"

"मॅडम, तुमचे मिस्टर येऊन राहिले, बाळ रडून राहिला!"

नीतूनं तीन वर्षांत त्या झरोक्यातून काही म्हणता काही पाहिलेलं नाही. ती गुंजनचे पाय पकडून उभी असते आणि दर खेपेला विचारते, "का दिसलं व आज?"

आमचा आणखी एक रिवाज. दर रविवारी वजन. शेडच्या कोपऱ्यात धान मोजायचा इलेक्ट्रिक काटा आहे, लोखंडी पाटाचा, लाल आकड्यांचा. पोरी रांगेनं त्यावर चढतात, शेठजी चष्मा कपाळावर ढकलून आकडा वाचतात आणि खडूनं भिंतीवर लिहितात. खालच्यांना आपण किती उचलतोय ते माहीत असावं, एवढंच त्यामागे. चाळीस किलो धानाच्या पोत्याला इकडे कट्टा म्हणतात आणि गुंजन हिवाळ्यापासून चाळिसाच्या आसपास आहे. म्हणून तिला उचलायची वेळ आली की नीतू ओरडते, "चला, कट्टा उचला!" गुंजन स्वतःच सगळ्यांत आधी हसायची.

मग एप्रिलमध्ये फोनवर ते पत्रक आलं.

आजवर आमच्या स्पर्धा हिवाळ्यात. प्रत्येकानं आपापल्या गावाच्या नावानं जायचं, आपापलं पडायचं. यंदा पहिल्यांदाच उन्हाळ्यात राज्याराज्यांची स्पर्धा ठरली होती. आपल्या राज्याचा एकच संघ, जिल्ह्याजिल्ह्यांतून वेचलेल्या मुलींचा. एका जिल्ह्यातून तिघी: एक वरची, दोन खालच्या. आमच्या जिल्ह्यात टीम आमची एकच. मे अखेर पुण्याला दहा दिवस शिबिर, मग तिथेच स्पर्धा. सोबत महिला प्रशिक्षक हवी. पालकांची सही हवी. वरचीचं वजन चाळीस किलोपर्यंत. नावं सोमवारी.

गुंजननं ते माझ्या खांद्यावरून वाचलं. त्या रविवारी ती काट्यावरून उतरली तेव्हा भिंतीवर तिच्या नावापुढे ३९.८ लिहिलं होतं. दोन गुणांनी नापास होता होता वाचलेल्या मुलीसारखी ती त्या आकड्याकडे पाहत राहिली. पुढच्या आठवड्यात तिच्या डब्यातला भात टीना खाताना मला दिसली. मला वाटलं, उन्हानं भूक मेली असेल. विचारायला हवं होतं. पण हिमांशूचे दात येत होते आणि माझ्या डोक्यात त्यापलीकडे काही राहत नव्हतं.

तर तो रविवार. सकाळच्या वजनात गुंजन पुन्हा ३९.८. चार वाजता सभा. मी पत्रक वाचून दाखवलं आणि खाली बसायच्या आत, बाहेरच्या कडुलिंबाखाली सायकल लावून आलेले गुंजनचे वडील बकाराम उठले. डोक्याचं दुपट्टं सोडून खांद्यावर टाकलं.

"मॅडम, मी सरळ बोलतो. मे महिन्यात माहा धान कापाले येते. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पानी यंदा भेटलं म्हनून उन्हाळी लावला. नेमकं तवाच हे कायले? हिवाळ्यात का झालं होतं?"

"अरे बकारामभाऊ," शेठजी खुर्चीतूनच म्हणाले, "धान तो हर साल कटता है. स्टेट की टीम हर साल बनती है क्या?"

"आता दरसाल बनन म्हंतेत ना. मंग पुढच्या साली जाईन."

"पुढच्या साली मी वरची राहनार नाही, बाबा," गुंजन म्हणाली.

"काऊन?"

"मी वाढून राहिली ना."

सगळे हसले. बकाराम हसले नाहीत. त्यांनी लेकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू वर्षभरात पहिल्यांदाच, आणि खाली बसले.

मग ज्याला त्याला कंठ फुटला. एका आईनं विचारलं, कपडे पुरते असतीन ना? मी म्हटलं, ट्रॅक पँट, पायभर. दुसरी म्हणाली, सत्तेचाळीस डिग्रीत पोरी वाळतीन. कुणीतरी म्हणालं, पुण्याले कुठं सत्तेचाळीस, तिथं थंड असते. "मंग तं मीच जातो," म्हणून मागून कुणा बाबांनी हात वर केला. टीनानं आपलं आधीच सांगून टाकलं, "माह्यं नाव लिवू नका मॅडम. मामाच्या पोराचं लग्न हाय. तीन महिने झाले, वरातीचा डान्स बसवून राहिली मी."

"राज्यापेक्षा वरात मोठी का व?" नीतूनं टोमणा मारला.

"राज्याच्या टीमले डीजे हाय का?"

माझ्याही मनात एक होतं, ते मी बोलून टाकलं. हिवाळ्यात आपण तिरोडा म्हणून जातो. हरलो तरी तिरोडा हरतो. तिथे आपल्या पोरी दुसऱ्यांच्यात मिसळतील, त्यांच्या पद्धतीनं उचलतील, परत येतील तेव्हा इथल्या हातांना सरावायला वेळ लागेल. तयारी आपली आणि नाव दुसऱ्याचं, असंही कुणाला वाटेल. ते वाटणं चूक नाही.

"दूसरे का कैसे?" शेठजी म्हणाले. "महाराष्ट्र में तिरोडा नहीं आता क्या?"

बकाराम पुन्हा उठले. या वेळी आवाज खाली होता.

"धानाचं मी पाहून घेईन. मजूर लावीन. माह्यं बोलनं वेगळं हाय. इथं हे नीतू, हे टीना, मॅडम. मी यायले ओळखतो. तिथं पुन्याच्या पोट्ट्या इले वर फेकतीन. फेकनं तं कोनालेही येते. झेलन कोन?"

मला उत्तर शोधावं लागलं नाही, कारण नीतू उठली. नीतू बोलते कमी, आणि बोलली की हातानं बोलते. तिनं बाही वर सारली आणि आपला हात बकारामांसमोर धरला.

"काका, दोघी खालच्या जाऊन राहिल्या ना जिल्ह्यातून. त्यातली एक मी. तिच्या डाव्या पायाखाली मीच असन. दुसऱ्या बाजूले कोनीही राहो."

बकारामांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. बैलजोडी घेताना पाहतात तसं.

"एक हात घरचा असन," ते शेवटी म्हणाले, "तं जाऊ द्या."

टाळ्या वाजल्या. गुंजननं नीतूच्या पाठीत गुद्दा मारला. आणि तेवढ्यात सासूबाई बोलल्या. इतका वेळ त्या हिमांशूला मांडीवर घेऊन पोह्यांच्या पातेल्याशेजारी बसल्या होत्या.

"आनि लेकरू?"

मी म्हटलं, "नेईन ना सोबत."

"तू पोट्ट्या फेकशील तवा याले कोन झेलन?"

सासूबाईंनी पदर नीट केला.

"मले यावं लागन मंग. अजून कोनी विचारलंच नाही, म्हनून बसली चूप."

संमतीपत्रावर सह्या झाल्या. बकारामांनी आपली सही सावकाश, एकेक अक्षर दाबून केली. पोहे वाटले गेले. गुंजननं आपली ताटली टीनाकडे सरकवली. शेठजी एवढे खुशीत आले की त्यांनी सासूबाईंच्या मांडीवरून हिमांशूला उचललं.

"आज तो छोटे पहलवान का भी वजन होगा!" म्हणत त्यांनी त्याला काट्याच्या लोखंडी पाटावर बसवलं. हिमांशूनं दोन्ही हातांनी पाट बडवला. लाल आकडे हलले, थांबले. शेठजींनी चष्मा कपाळावर ढकलला.

"सात किलो, दो सौ!"

माझ्या हातातली ताटली तशीच राहिली. शुक्रवारी अंगणवाडीत त्याचं वजन आठ किलो दोनशे भरलं होतं. मी ते कार्ड दोनदा वाचलं होतं, घरी येऊन हेमेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दाखवलं होतं, आणि आठच्या आकड्याशेजारी पेनानं छोटंसं फूल काढलं होतं.

"पुन्हा बघा शेठजी."

पुन्हा सात दोनशे.

"दोन दिवसात एक किलो गेलं?" सासूबाई उभ्याच राहिल्या. "पहा प्रेमिला, म्हनलं होतं ना मी, दात येऊन राहिले, दोन घास जास्त भरव. ऐकलं कोनी? पोट्ट्या फेकनं झालं पाहिजे आधी!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी हिमांशूला उचलून छातीशी धरलं, दंड दाबून पाहिले, मांड्या पाहिल्या. तो हसत होता. कुठे गेला असेल एक किलो? आई झाल्यावर माणूस हिशेबाला कच्चं होतं; मला त्या क्षणी खरोखर वाटलं, की तो कुठेतरी सांडला असेल.

आणि बकाराम हसायला लागले. आधी हळू, मग दुपट्टं तोंडावर धरून.

"अवो मॅडम, रडू नका. शेठजी, बारदाना कापून वजन केलं का तुमी लेकराचं?"

शेठजींना कळेना. मग कळलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. चष्मा खाली पडला.

इथल्या धानवाल्याला हे शिकवावं लागत नाही. धान पोत्यासकट काट्यावर चढतो. पोत्याचं वजन धानात धरायचं नसतं, म्हणून त्याचा एक किलो आधीच कापलेला असतो. काटाच तसा लावून ठेवतात. रिकामा असला की त्यावर उणे एक दिसतं. ते उणे एक मी तीन वर्षं रोज पाहत होते. त्यावर आम्ही पाण्याच्या बाटल्या ठेवायचो. एकानंही कधी विचारलं नाही. शेठजींना ते इतकं अंगवळणी होतं आणि आम्हाला ते इतकं परकं, की पोरी काही बारदान्यात भरून येत नाहीत, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मतलब आठ किलो दो सौ!" शेठजींनी जाहीर केलं. "पहलवान है!"

मी हसले. सासूबाईंनी हिमांशूवरून हात ओवाळून बोटं मोडली. मला एवढं हलकं वाटलं, की समोर काय चाललंय ते कळायला थोडा वेळ लागला.

गुंजन भिंतीपाशी उभी होती. खडूच्या आकड्यांसमोर. तिनं बोट ३९.८ वर ठेवलं होतं.

"मंग मी चाळीस आठशे हावो," ती म्हणाली.

शेठजींनी खडू उचलला.

"अरे, लिख दो चालीस," शेठजी पटकन म्हणाले. "आठ सौ ग्राम में क्या होता है? वहाँ कौन तौलता है?"

"तिथं तौलतीनच," नीतू म्हणाली.

"एक महिना हाय," गुंजन माझ्याकडे न पाहता म्हणाली. "मी सोडतो ना भात. रात्रीचंही सोडतो. आताही सोडलाच हाय अर्धा. होते कमी. मॅडम, चाळीस लिवा."

मला तेव्हा टीनाच्या हातातला तो डबा आठवला. आत्ताची पोह्यांची ताटलीही. मघाशी एक किलो सापडला म्हणून मी हसले होते. तोच एक किलो त्या पोरीच्या अंगावर सापडला होता आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. माझ्या कडेवर आठ किलो दोनशे होते. प्रत्येक ग्रॅम मला माहीत होता, कुठल्या रात्रीचा, कुठल्या वरणाचा. तिच्याही चाळीस आठशेतला प्रत्येक ग्रॅम कुणालातरी माहीत असणार. बकारामांच्या बायकोला नक्कीच.

"नाही लिहिणार," मी म्हटलं.

"मॅडम!"

"जेवण सोडून तू वर गेलीस आणि तिथे डोळ्यांपुढे अंधारी आली, तर नीतूचा हात काय करेल? जेवढी आहेस तेवढी लिहीन. चाळीस आठशे. कमी नाही, जास्त नाही."

"मंग मी जाऊनच नाही राहिली," ती म्हणाली आणि शेडच्या टोकाला तणसाच्या पोत्यांवर जाऊन, पाठ करून बसली.

बकाराम उठायला लागले. सासूबाईंनी त्यांचं दुपट्टं धरून खाली बसवलं. "बसा भाऊ. पोरीत पोरीले जाऊ द्या."

नीतू गेली. तिच्या शेजारी बसली. शेड मोठं, पत्र्याचं, त्यात सगळं ऐकू येतं. न ऐकल्यासारखं करून आम्ही सगळे ऐकत होतो.

"एक सांगू का व?" नीतू म्हणाली.

गुंजननं पोत्यातून एक काडी उपसली.

"तू वाढून राहिली, हे मले दिवाळीपासून माहीत हाय. काट्याले नाही कळलं. माह्या कंबरेले कळलं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"कायले सांगू? उचलूनच तं राहिली होती. चाळीस म्हना का एक्केचाळीस, तूच होती ना वर."

पोत्यांमधून नाक ओढल्याचा आवाज आला.

"खाली कसं असते व?" गुंजननं विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं असावं, कारण नीतूनं जरा विचार केला.

"खाली? तुह्ये तळपाय दिसतेत. लय मळके असतेत."

"आनखी?"

"आनखी का. तू वर गेली का आपल्या हाताले समजते, आता पाहून राहिली बाहेर. कारन तू तेवढा वेळ श्वासच नाही घेत. मंग एकदम जड होते. मंग आमी झेलतो." ती थांबली. "मजा येते. खोटं नाही सांगत. वरच्यापेक्षा खालच्याले जास्त माहीत असते."

"खालचीले वजनाची अट हाय का?"

"नाही. खालचीले कितीही चालते. मी तं सकाळी चार पोळ्या खाऊन येतो."

हिमांशूनं तेवढ्यात माझ्या गळ्यातली पोत तोंडात घातली, ती मी सोडवत होते. वर पाहिलं तर गुंजन समोर उभी. डोळे लाल, केसांत तणसाच्या काड्या.

"मॅडम, दोघी खालच्या ना? टीना जाऊन नाही राहिली. मंग खालची एक जागा खाली हाय ना?"

"आहे."

"मले तिथं लिवा. चाळीस आठशे लिवा. आनि वर रिंकूले पाठवा. ते भिंतीवर तेहतीस हाय. म्हंजे चौतीस. मी इले शिकवतो एका महिन्यात."

मी काही बोलायच्या आत शेठजी खुर्चीतून उठले.

"रिंकू? नहीं नहीं. वो तो बच्ची है. मई की धूप, बीमार पड़ जाएगी. और पुणे में... अनजान लड़कियाँ... हमारी बच्ची को पकड़ेगा कौन?"

बकाराम सावकाश उठले. दुपट्टं झटकलं, खांद्यावर टाकलं.

"शेठजी, धूप तं दरसाल पडते. स्टेटची टीम दरसाल बनते का?"

आधी सासूबाई हसल्या. मग सगळं शेड. शेठजी लाल झाले.

"आनि झेलाचं म्हनाल," बकाराम म्हणाले, "तं आता एक नाही, दोनी हात घरचे हायेत."

शेठजींनी चष्मा धोतराला पुसला, घातला, पुन्हा काढला. नातीकडे वळले. "क्यों बेटा, जाएगी? सोच के बोल."

रिंकूनं सोचलं वगैरे काही नव्हतं. ती केव्हाच चपला काढून पोत्यांवर उभी होती.

शेठजींनी तिच्या आईला फोन लावला, मग सही केली. मी फॉर्म लिहायला घेतला. वरची: रिंकू, चौतीस किलो. खालच्या: नीतू, सेहेचाळीस. गुंजन, चाळीस किलो आठशे. तिनं वाकून आकडा तपासला, आठशेवर बोट ठेवलं, मग सरळ पातेल्याकडे गेली.

"पोहे उरले का आजी?"

"उरले कसे नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पातेलं खरवडून, वर शेव घालून ताटली भरली. तिनं ती उभ्या उभ्या संपवली. टीनानं हात पुढे केला तर तिच्या हातावर चापट मारली.

आता हे शहाणपण झालं की नुसती धांदल, ते पुण्यालाच कळेल. हेमेंद्र म्हणतो, बारा वर्षांच्या पोरीला महिन्याभरात वर न्यायचं म्हणजे तुम्ही सगळ्या येड्या आहात. असू. हिमांशूची दुपट्टी आणि सासूबाईंची नवी चप्पल पिशवीत आतापासूनच भरून ठेवली आहेत; चप्पल त्यांनी स्वतः भरली.

त्या संध्याकाळी मात्र कुणी घरी जाईना. रिंकूला एकदा वर नेऊन पाहू, असं ठरलं. मी हिमांशूला सासूबाईंकडे दिलं आणि मागे उभी राहिले. डावीकडे नीतू, उजवीकडे गुंजन. गुंजनचे गुडघे चुकीचे वाकलेले होते, कोपरं बाहेर. नीतूनं पायानंच तिचा पाय सरळ केला. "पाठीनं नाही व, मांडीनं उचल." शेठजी डोळ्यांवर हात ठेवून बोटांतून पाहत होते.

"चला," नीतू म्हणाली, "कट्टा उचला."

"पाऊण कट्टा," गुंजन म्हणाली.

रिंकू वर गेली. जरा डगमगली, गुंजनच्या हातात तिचा पाय थरथरला, तिनं तो घट्ट धरला, दात ओठात रुतवून. एक, दोन. मग रिंकू आमच्या सहा हातांत येऊन पडली, काड्यांचा धुरळा उडाला आणि टाळ्या वाजल्या.

"का दिसलं व?" गुंजननं धापा टाकत विचारलं. नीतूच्या आधी.

रिंकू ओशाळली. "दीदी, डोळे बंद होते माझे."

गुंजन एवढी हसली की तिला पोत्यावर बसावं लागलं. मग उठली, तळहात कुर्त्याला पुसले आणि हात जोडून पुढे केले.

"चाल, पुन्हा. या खेपी उघडे ठेव. कडुलिंबाखाली पाह्य, बाबाची सायकल दिसन. मंग मले सांग, तिले टेकू लावला का नाही."